खंड्याचा निळा

आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची एक तार आहे. तिचं एक टोक शेवग्याला, दुसरं न्हाणीघराच्या भिंतीतल्या कडीला. थंडी संपत आली की रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराला त्या तारेवर खंड्या येऊन बसतो. आधी शेजारच्या टाकीवरून त्याची ती लांबलचक, कडकडत येणारी हाक ऐकू येते. मग एक निळा झपाटा, आणि तार हलते. बसला की मान खाली घालून खतखड्ड्याकडे बघत राहतो. मिनिट, दोन मिनिटं, कधी पाच. मग दगड पडावा तसा खाली जातो आणि वर येतो तेव्हा चोचीत नाकतोडा असतो, नाहीतर पालीचं पिल्लू. ते तारेवर दोन-चारदा आपटतो आणि गिळतो. मासे खाणारा म्हणून त्याची ओळख, पण आमच्या घरापासून पाणी चांगलं लांब आहे आणि त्याचं काही अडत नाही.

या पाच मिनिटांचे माझ्याकडे साडेतीन हजारांहून जास्त फोटो आहेत. चार वर्षांत साठलेले. अलीकडे मी ते सगळे पुन्हा उघडले, एकेक करून बघितले, बरेचसे दुरुस्त केले. का, तेच सांगायचं आहे.

घर इंदूरला लोकमान्य नगरात. वडिलांनी बांधलं तेव्हा सगळी बैठी घरं होती आणि प्रत्येकामागे एवढंसं का होईना, अंगण होतं. आता आमच्या रांगेत मागचं अंगण राहिलेली दोनच घरं उरली आहेत. बाकीच्यांनी मागच्या भिंतीपर्यंत बांधकाम नेलं, त्यांच्याही अडचणी असतात. आमचं अंगण म्हणजे लांबीला पंधरा पावलं, रुंदीला दहा. शेवगा, कढीपत्ता, एक पेरू, एक सीताफळ, दोन जास्वंदी, कोपऱ्यात कर्दळ आणि भिंतीपलीकडून आमच्यावर सावली धरणारा शेजाऱ्यांचा कडुनिंब. आणि खतखड्डा.

त्या खड्ड्याबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे येणारे निम्मे पक्षी त्याचे पाहुणे आहेत असं माझं ठाम मत आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीतज्ज्ञ १९२४ साली इंदूरला आले आणि १९३१ पर्यंत इथल्या शेती संस्थेचं काम बघत होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पालापाचोळा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी सगळं उलथं करायचं, हे त्यांनी इथल्या शेतकऱ्यांकडे बघून आणि स्वतः करून करून बसवलं. जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत त्याला 'इंदूर पद्धत' असं नाव आहे. आमचे वडील ते अभिमानानं सांगायचे आणि मग खड्ड्यात उतरून फावड्यानं थर उलटायचे. ते गेले तरी खड्डा चालू आहे. माळव्याची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते, पण खड्ड्याभोवतीची जमीन तेव्हाही मऊ असते. त्या मऊ जमिनीत गांडुळं, अळ्या, झुरळं. म्हणून दयाळ येतो, हुदहुद येतो, आणि एकदा नवरंग आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे संपत आला होता, रात्री वादळी पाऊस झाला होता. सकाळी खड्ड्याच्या कडेला पाचोळा उडवत एक ठेंगणा, शेपूट नसल्यासारखा पक्षी टुणटुण उड्या मारत होता. पाठ हिरवी, पोट मातकट पिवळं, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक, आणि पंखावर एक निळा तुकडा, चिकटवल्यासारखा. नवरंग रात्रीचा प्रवास करतात. थकले की खाली जी झाडी दिसेल तिच्यात उतरतात. त्या वादळानं त्याला आमच्या अंगणात उतरवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीतून सहा फोटो काढले आणि खिडकी लावून घेतली. त्याला खायचं होतं. मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला आणखी जवळ बोलवता आलं असतं, लोक तसं करतात. पण रात्रभर उडून आलेल्या पाहुण्याला खोटी हाक घालणं मला जमलं नाही. संध्याकाळी बघितलं तर तो निघून गेला होता.

फोटो काढायला लागले ती नोकरी सुटल्यावर. बँकेतून निवृत्ती घेतली, मिळालेल्या पैशातून एक चांगला कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेतली. इंदूरचे पक्षी बघणारे पहाटे सिरपूर तलावावर जातात, यशवंत सागरला सारस बघायला जातात. या दोन्ही पाणथळ जागा २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्या, त्याचा मला फार आनंद आहे. मीही जाते अधूनमधून. पण आईला घरी एकटं ठेवून रोज पहाटे बाहेर पडणं शक्य नव्हतं, म्हणून मी अंगणातच बसले. आणि बसल्यावर कळलं की हे पंधरा बाय दहा पावलं मला पुरणार आहेत.

पक्ष्यांचे रंग कॅमेऱ्यात आणणं अवघड असतं. डोळ्यांना जे सहज दिसतं ते कॅमेऱ्याला समजावून सांगावं लागतं. उन्हाळ्यात हळद्या येतो, पेरूच्या शेंड्यावर बसतो. त्याचा पिवळा इतका उजळ की कॅमेऱ्याला सहन होत नाही. पिसांच्या कडा, घड्या सगळं पुसलं जाऊन छातीच्या जागी नुसता पिवळा डाग उरतो. आम्ही त्याला 'पिवळा जळला' म्हणतो. म्हणून त्याच्यासाठी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, कमी ठेवायचं. जांभळ्या शिंजिराचं याच्या उलट. एवढासा, जेमतेम १० सेंटिमीटरचा पक्षी. ऊन पाठीमागून असेल तर कोळशाचा तुकडा. तो मान फिरवतो आणि ऊन योग्य कोनातून पडतं त्या क्षणी कोळसा पेटतो, गळ्यावर जांभळा, खांद्यावर मोरपंखी निळा. तो क्षण सेकंदाचाही नसतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवून, जास्वंदीच्या एकाच फुलावर लेन्स रोखून मी अर्धा अर्धा तास उभी राहिले आहे. आणि शिंजीर फुलाच्या तोंडातून रस पीतही नाही बऱ्याचदा, देठापाशी चोचीनं भोक पाडून बाहेरच्या बाहेर काम उरकतो.

दूधराजाचा पांढरा तर सगळ्यांत कठीण. मध्य प्रदेशचा हा राज्यपक्षी. मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात, पण आमच्या तोंडात दूधराज हेच नाव बसलेलं. एका मार्चमध्ये दोन दिवस तो कडुनिंबात मुक्कामाला होता. पांढराशुभ्र नर, काळं तुकतुकीत डोकं, आणि शेपटीची वीतभराहून लांब दोन पांढरी पिसं, वाऱ्यावर सोडलेल्या फितीसारखी. माझ्या फोटोंत तो हिरवट आला. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, आपला मेंदू ती हिरवी झाक परस्पर वजा करून टाकतो, कॅमेरा करत नाही. मी नंतर संगणकावर बसून ती हिरवी झाक काढली. आणि तेव्हापासून मला ती सवय लागली, संगणकावर बसून पक्षी 'नीट' करायची.

त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. ती टाळून पुढे जाता येत नाही.

शिंजिराच्या मादीनं जास्वंदीच्या फांदीला घरटं बांधलं होतं. बांधते ती एकटीच. कोळ्याचं जाळं चोचीत गोळा करून आणायची, सालीचे तुकडे, सुकलेल्या पाकळ्या, कागदाचा कपटा, काय काय त्यात गुंफायची. लोंबणारी एक छोटी थैली, तिच्या एका बाजूला दार आणि दारावर इवलंसं छज्जं. लांबून बघितलं तर फांदीला अडकलेला केर वाटावा. तेच त्या घरट्याचं संरक्षण. पिल्लं झाली, नरही भरवायला यायला लागला, आणि मला तो भरवतानाचा फोटो हवा होता. उन्हात चमकणारा जांभळा नर आणि दारातून बाहेर आलेल्या दोन केशरी चोची. पण मध्ये एक फांदी येत होती. पाच-सहा पानं असतील. मी ती कात्रीनं कापली.

फोटो मिळाला, अगदी मनात होता तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी आई खुर्चीतून हाका मारायला लागली. "अगं, ती शिंजीर का ओरडतेय बघ. नेहमीचा आवाज नाही हा." मी गेले तेव्हा भारद्वाज जास्वंदीवर होता आणि थैली फाटून लोंबत होती. लहानपणापासून भारद्वाज दिसला की हात जोडायचे ही आमच्या घरातली सवय. त्या दिवशी हात उचलले गेले नाहीत. त्याचा दोष काहीच नव्हता, तो त्याचं पोट भरत होता. ती पानं मी कापली होती. मादी संध्याकाळपर्यंत त्या फाटक्या थैलीपाशी येत होती, चोचीत काहीतरी धरून.

तो फोटो मी कुणालाही दाखवला नाही. त्यानंतर घरट्याजवळ कॅमेरा नेलेला नाही.

आता आईचं सांगते. आईनं शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. स्वतः जलरंगात काम करायची. इंदूरच्या चित्रकलेचा तिला फार अभिमान. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, १९१० साली इथेच जन्मले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, हे ती वर्गातल्या प्रत्येक मुलाला सांगायची. "आपल्या गावच्या उजेडानं त्यांना शिकवलंय," असं वर जोडायची. मला आठवतं, मी सहावी-सातवीत असताना झाडाची सावली काळ्या रंगानं रंगवली तेव्हा तिनं मला हात धरून बाहेर नेलं होतं. भर दुपारी, अनवाणी. "बघ. काळी आहे का? नीट बघ. निळी आहे." मला बराच वेळ काळीच दिसत होती. मग दिसली निळी. तेव्हापासून दिसतेच.

सत्तरी उलटल्यावर तिचं चित्र काढणं हळूहळू कमी झालं. आम्ही म्हटलं, वय झालं. तिनं काढलेल्या शेवटच्या काही चित्रांत सावल्या तपकिरी आहेत, हे माझ्या लक्षातही आलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेला ती तयार नव्हती. तिच्या एका मावशीचा डोळा फार वर्षांपूर्वी अशाच शस्त्रक्रियेनंतर गेला होता आणि ती भीती तिच्या मनातून जात नव्हती. कितीही सांगा, "माझं चालतंय" एवढंच उत्तर. अंगणात खुर्ची टाकून बसायची. पक्षी आवाजावरून ओळखायची. तांबट टुकटुक करायला लागला की म्हणायची, "आला कासार." त्याच्यासाठी शेवग्याची वाळकी फांदी तिनं कधी तोडू दिली नाही. तांबट वाळक्या लाकडातच ढोली कोरतो.

संध्याकाळी मी टॅबवर तिला दिवसभराचे फोटो दाखवायची. ती टॅब डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि म्हणायची, "छान आहे. पण मळकट आलाय गं. धुरात काढल्यासारखा." मला वाईट वाटायचं. तिच्यासाठीच तर काढत होते मी. एके दिवशी खंड्याच्या फोटोवर तिच्यादेखत निळा रंग वाढवायची पट्टी उजवीकडे सरकवली. वीसवर नेली. "अजून." तीस. "अजून थोडा." पंचेचाळिसावर ती हसली. "हां. आता आला खंड्या."

मग तेच ठरून गेलं. निळा पंचेचाळीस. हळद्याचा पिवळा वीस. पोपटाचा हिरवा तीस. आधी फक्त आईसाठी करायची, मग तेच फोटो नातेवाइकांना जायला लागले. पुण्याच्या आत्याकडून कौतुक, बडोद्याच्या भावाकडून कौतुक. एकानं तर त्यातल्या बारा फोटोंची दिनदर्शिका छापून घेतली. वर्ष-दीड वर्षात असं झालं की मूळ फोटो उघडला की तो मलाच फिका वाटायला लागला. तारेवर समोर बसलेला खंड्याही एखाद्या सकाळी फिका वाटायचा, आणि मी म्हणायची, आज उजेड चांगला नाही.

शेवटी आई तयार झाली ती यंदाच्या फाल्गुनात, आणि ती पक्ष्यांमुळे नाही, पोथी वाचता येईना म्हणून. आधी उजवा डोळा. वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, घरी आणलं, ती पलंगावर बसली आणि समोर बघून म्हणाली, "ही भिंत पांढरी आहे? मला वाटत होतं आपण बदामी लावलाय." आम्ही तो पांढरा रंग देऊन चार वर्षं झाली होती.

मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा-जांभळा उजेड तिथेच अडतो. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. भिंग बदललं की अडवलेला निळा एकदम आत येतो. डॉक्टरांनी मला हे समजावून सांगितलं होतं. पण समजणं आणि ती भिंतीकडे बघत बसलेली असताना तिथे असणं यात फार अंतर आहे.

दहा-बारा दिवसांनी रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी म्हणजे राजवाड्यावरची गेर, रंगांची मिरवणूक. टँकरमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारे रंगाचे फवारे, गुलालानं झाकलेलं आभाळ, लाखो माणसं. आमच्या घरातलं कुणी ना कुणी दर वर्षी जातं. यंदा आईच्या डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये म्हणून मी दारं लावून घेतली आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. लांबून ढोलाचे आवाज येत होते. आईनं काळा चष्मा लावला होता. अंगणात सावली होती, म्हणून तिनं तो काढला.

त्या दिवशी खंड्या उशिरा आला, साडेनऊला. तारेवर बसला, आमच्याकडे पाठ करून. आई काही बोलली नाही. मग तिनं डावा डोळा हातानं झाकला. मग उजवा. पुन्हा डावा. चार-पाचदा असं केलं. शाळेतली मुलं करतात तसं.

"या डोळ्यानं बघितलं तर चहात बुडवून काढलेला," ती हळूच म्हणाली. "आणि या डोळ्यानं..." आणि पुढे काही म्हणालीच नाही. तो उडून गेला तरी ती तारेकडे बघत होती.

थोड्या वेळानं म्हणाली, "टॅब आण."

मी आणला. त्यातला सगळ्यांत आवडता, दिनदर्शिकेवर छापलेला फोटो काढून दिला. तिनं डावा डोळा झाकून बघितला. "हा कोण?"

"खंड्याच, आई."

"पण हा निळा कुणाचा? हा शाईचा निळा आहे. आत्ता बघितलास ना तू त्याला? पाठीवर आभाळी होता, पंखाच्या कडेला जरा हिरव्याकडे जात होता, आणि सावलीतली बाजू जवळजवळ राखी. तू तिन्हींचा एकच करून टाकलास." ती पुढचा फोटो बघत गेली, त्याच्या पुढचा. हळद्या. पोपट. मास्तरीण वही तपासते तशी. "या हळद्याला तर पिसंच ठेवली नाहीस."

मी म्हटलं, "तुला दिसावा म्हणून वाढवला होता गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. नव्या डोळ्यानं ती माझा चेहराही नव्यानंच बघत होती त्या दिवसांत, सुरकुत्यांसकट. मग म्हणाली, "मला दिसत नव्हतं, तर तसं मला सांगायचं. खंड्याला कशाला रंगवलंस?"

रागावून नव्हती म्हणाली. पण मी रात्री झोपले नाही.

काही दिवसांनी तारेखाली खंड्याचं एक पीस पडलेलं मिळालं, पंखातलं. आईनं ते हातात घेतलं आणि आम्ही दोघींनी त्याच्याशी तासभर घालवला. उजेडाकडे पाठ करून समोर धरलं तर निळं, असं निळं की बोटांना लागेल असं वाटावं. तेच पीस खिडकीसमोर धरून त्याच्या आरपार बघितलं तर तपकिरी, राखट, एखाद्या चिमणीचं असावं तसं. पुन्हा फिरवलं, पुन्हा निळं. खंड्याच्या पिसात निळा रंग घातलेलाच नसतो. पिसाच्या बारीक काड्यांमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते, ती उजेडातला निळा तेवढा परत फेकते, बाकीचा आतल्या गडद थरात जिरतो. ते पीस कुटलं तर निळा उरत नाही. त्याच्या डोक्याचा, पोटाचा तो चॉकलेटी मात्र खराखुरा रंगद्रव्याचा. पोपटाच्या हिरव्याची गोष्ट सांगितल्यावर तर आई खूश झाली. पोपटाच्या पिसात पिवळं रंगद्रव्य असतं आणि त्याखाली निळा परत फेकणारी जाळी, दोन्ही मिळून हिरवा. "म्हणजे त्यानं आमच्यासारखाच कालवला की!" ते पीस आम्ही पुन्हा जिथलं तिथे, तारेखाली ठेवून दिलं.

मग मी आणखी वाचत गेले. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या, बहुतेक पक्ष्यांत चार तऱ्हेच्या. पुष्कळ पक्ष्यांना अतिनील उजेडही दिसतो. म्हणजे ज्या शिंजिराच्या मादीला आपण मळकट पिवळी म्हणून सोडून देतो ती नराला कशी दिसते, जास्वंद तिला कशी दिसते, हे आपल्याला कधीच दिसणार नाही. कॅमेऱ्यालाही नाही. आईच्या जुन्या डोळ्यात निळा अडत होता, माझ्या धडधाकट डोळ्यात त्याच्या पलीकडचं सगळं अडतं आहे. हे वाचलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ अंगणात बसून होते. समोर बुलबुलांची जोडी कढीपत्त्याची काळी फळं खात होती. मी त्यांना पुरी बघत नव्हते.

फोटो दुरुस्त करायला मी चैत्रात बसले. ज्यांच्या मूळ फायली होत्या त्यांच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या. पहिले काही दिवस ते सगळे फोटो मेल्यासारखे वाटत होते. आठवडाभरानं डोळे निवले. मग दिसायला लागलं. ढगाळ सकाळचा खंड्या खरोखर राखी निळा असतो. पावसाळ्याच्या आधीच्या पिवळ्या उजेडात तो हिरव्याकडे झुकतो. मे महिन्यात दहाच्या उन्हात पाठीवर जवळजवळ पांढरी रेघ येते. एकाच पक्ष्याच्या पाठीवर मी चार वर्षांचे ऋतू टिपले होते आणि सगळ्यांवर पंचेचाळीसचा निळा फासला होता. तीनशेएक फोटोंच्या मूळ फायली मी जागा वाचवायला काढून टाकल्या होत्या. ते तसेच राहणार.

काढून टाकलेल्यांत आणखी कोण कोण होतं तेही आठवलं. पावसाळा सरला की शिंजिराचा नर आपला जांभळा उतरवतो, मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते. तसले फोटो मी 'खराब' म्हणून लगेच पुसायची. दोन-तीन वर्षांचे हिवाळे पुसले मी त्याचे. यंदाच्या थंडीत तोच बघायचा आहे.

दिनदर्शिका ज्यानं छापली त्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे गं ताई, सुंदर दिसते की." त्याला दुरुस्त केलेला एक फोटो पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आईचा डावा डोळाही वैशाखात झाला. त्यानंतर एका सकाळी तिनं कपाटातून जुनी रंगांची पेटी काढायला लावली. ट्यूबा एकेक करून उघडून बघितल्या. मातकट, तपकिरी, काळा, सगळे पिळून पिळून संपलेले. निळ्याची ट्यूब जवळजवळ भरलेली होती, पण वाळून खडा झाली होती. इतकी वर्षं तिला हातच लागला नव्हता. तिनं कात्रीनं ट्यूब उभी चिरली, आतला खडा सुरीच्या टोकानं बशीत खरवडला आणि ब्रशानं थेंब थेंब पाणी सोडत बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग कडेनं थोडा निळा सुटायला लागला.

सव्वासात झाले होते. शेजारच्या टाकीवरून हाक आली, तार हलली. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"थांब," आई कागदावरून मान वर न करता म्हणाली. "हलू नकोस. उडेल तो. माझा रंग अजून ओला व्हायचाय."